दात सगळ्यात शेवटी बघा

तुम्ही विचारलंत म्हणून. ‘ट्रायासिक काळातल्या (डायनोसॉर नुकतेच अवतरले तो काळ) सागरी सरीसृपाची नुसती कवटी मिळाली, तर त्याचा गट दातांवरूनच ओळखता ना?’ हा प्रश्न बरेचदा येतो.

नाही. दातांवरून खाणं कळतं, कूळ नाही. प्लॅकोडस या ट्रायासिक प्राण्याच्या चपट्या, कवचं फोडणाऱ्या दातांमुळे जीवाश्मतज्ज्ञ लुई अगासी यांनी १८३३ मध्ये त्याला मासा ठरवलं. तो सरीसृप आहे हे १८५८ मध्ये शरीररचनातज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांनी ओळखलं. शिवाय दात दिसले नाहीत म्हणजे नव्हतेच, असंही नाही. चीनमधला चिमुकला सागरी सरीसृप कार्टोरिंकस २०१४ मध्ये बिनदाती म्हणून नोंदवला गेला आणि २०२० मध्ये सीटी स्कॅनमध्ये जबड्यांच्या आत गोलसर दात सापडले.

सुरुवात डोळ्याच्या खोबणीमागून करा. इक्थिओसॉर, नोथोसॉर आणि प्लॅकोडस या तिन्ही सागरी सरीसृपांना तिथे दर बाजूला वरून दिसणारं एकच छिद्र असतं. पूर्वी तेवढ्यावरून सगळ्यांना एका गटात घालत. आता मानतात की यांच्या पूर्वजांना दोन छिद्रं होती, खालचं नंतर गेलं. म्हणून गालाची खालची कड जरूर तपासा: नोथोसॉरमध्ये तिथे हाडाची पट्टी नसते, गाल खालून उघडा असतो.

मग वरच्या छिद्राची आणि खोबणीची लांबी मोजा. छिद्र खोबणीहून बरंच लांब असेल तर नोथोसॉर, लहान असेल तर पॅकिप्ल्यूरोसॉर, म्हणजे नोथोसॉरचा लहानखुरा नातलग. इथे एक खोट आहे. पिल्लांचे डोळे मोठे आणि छिद्रं आखूड असतात, त्यामुळे नोथोसॉरचं पिल्लू सहज दुसऱ्या गटात जाऊन बसतं. हाडांचे सांधे अजून सुटे दिसत असतील तर या मापावर भिस्त ठेवू नका.

लांब मुस्कट आणि डोळ्याजवळ नाकपुडी असेल, तर इक्थिओसॉर की थॅलाटोसॉर हा दुसरा सागरी गट? थॅलाटोसॉरमध्ये वरच्या जबड्याचं टोकाचं हाड मागे जाऊन कपाळाच्या हाडाला भिडतं आणि नाकाची दोन हाडं एकमेकांपासून दूर होतात. इक्थिओसॉरमध्ये ती मधोमध जुळलेली असतात.

हे सगळं शिवणी, म्हणजे हाडं जिथे एकमेकांना जुळतात त्या रेषा, नीट वाचता आल्या तरच. खरं कौशल्य यातच आहे, आणि घाई नडते तीही इथेच. दिवा अगदी आडवा धरा, भिंगाखाली हाडाच्या पृष्ठभागावरचे बारीक तंतू बघा. शिवण ओलांडली की तंतूंची दिशा बदलते, भेग तेच तंतू मधोमध तोडत जाते. शिवण नागमोडी असते आणि कवटीच्या दुसऱ्या बाजूलाही तशीच सापडते. भेग बहुधा सरळ, कधी हाडातून थेट खडकात शिरलेली. अतिनील दिव्याखाली जुनी डागडुजी बहुतेक वेळा हाडाहून वेगळी चमकते. तिथली रेघ नोंदवायचीच नाही.

आणि दबलेल्या कवटीच्या आकारावर विश्वास नको. चीनच्या युनान प्रांतातल्या ॲटोपोडेन्टॅटस या सागरी सरीसृपाची पहिली कवटी चेपून फुटलेली होती. त्यावरून २०१४ मध्ये त्याचं मुस्कट खाली वळलेलं आणि मधोमध उभं चिरलेलं रेखाटलं गेलं. २०१६ मध्ये चांगल्या कवट्या अभ्यासल्या गेल्या, तेव्हा ते मुस्कट हातोड्यासारखं आडवं रुंद निघालं. पुढच्या कडेला पटाशीसारख्या दातांची रांग होती, मागे सुईसारख्या दातांची चाळण. चीर मुळात नव्हतीच.