पंधरा डॉलरचं विमान आणि ताईचे मोदक

डेन्व्हरच्या युनियन स्टेशनवरून विमानतळाला जाणाऱ्या ए-लाइन या रेल्वेचं तिकीट दहा डॉलर. तिथून फिलाडेल्फियापर्यंतचं माझं विमान, वर्षभराच्या पासवर, साधारण पंधरा डॉलरला. हे गणित ऐकून ऑफिसातले दोघेतिघे लगेच पास घ्यायला निघाले होते. त्यांना म्हटलं, मी आधी जाऊन परत येतो, मग बोलू.

पास फ्रंटियर या स्वस्तातल्या विमान कंपनीचा, ‘गो वाइल्ड’ नावाचा. नोव्हेंबर २०२२ मध्ये तो पहिल्यांदा विक्रीला आला, तेव्हा वर्षाचा सुरुवातीचा भाव ५९९ डॉलर होता. हवं तितकं उडा, भाडं दर खेपेला एक सेंट. कर आणि शुल्कं मात्र आपली. त्यात एका बाजूचे ५.६० डॉलर सुरक्षा शुल्काचेच, वर विमानतळाची आकारणी वगैरे. बॅग आणि सीट निवडण्याचे पैसे वेगळे. असले पास नवे नाहीत. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ मध्ये अडीच लाख डॉलरला जन्मभराचा पास काढला होता. काही जण त्यावर इतके फिरले की कंपनीच रडकुंडीला आली.

खरी मेख बुकिंगमध्ये आहे. देशांतर्गत विमानाची सीट उड्डाणाच्या आदल्या दिवशी मिळते, तीही उरली असेल तर. (आदल्या दिवशीची अट आंतरराष्ट्रीय विमानांना नाही, तिथे दहा दिवस आधी जमतं. पण एच-वन या नोकरीच्या दर्जावर असाल तर परत येताना सहसा पासपोर्टात वैध व्हिसा लागतो, म्हणून परदेशातल्या समुद्रकिनाऱ्यांची स्वप्नं जपून पाहा.) न्यू जर्सीतल्या एडिसनला राहणाऱ्या मावसबहिणीला, म्हणजे आमच्या ताईला, हे समजावणं सगळ्यात अवघड गेलं.

“अरे, येणार की नाही ते आदल्या दिवशी सांगणार? मी मोदक किती करायचे?”

“एकवीस तर करशीलच ना. मी आलो तर त्यातलेच खाईन.”

“तू अकरा एकटा खातोस.”

२०२५ चे गणपती बुधवारी, २७ ऑगस्टला. सोमवारी सीट दिसली, घेतली आणि मंगळवारी निघालो. फुकट नेता येते ती फक्त सीटखाली मावणारी पिशवी, १४ बाय १८ बाय ८ इंचांची. सॅक घरीच टेपने मोजा. बॅग मोठी असेल तर तिचे पैसे आधीच ऑनलाइन भरा, गेटवर भरलेत तर जास्त पडतात. मी सॅक मोजली, पण डोकं घरी ठेवलं. नैवेद्यासाठी घरी कढवलेल्या तुपाची बरणी सुरक्षा तपासणीत गेली. तूप थिजलेलं असलं तरी तिथे ते द्रवच, मर्यादा १०० मिलिलिटर. पंचखाद्याला कोणी हात लावला नाही.

फिलाडेल्फियात उतरल्यावर सेप्टाची, म्हणजे तिथल्या लोकलची, एअरपोर्ट लाइन पकडून थर्टीएथ स्ट्रीट स्टेशन, तिथून सेप्टाचीच गाडी ट्रेंटनपर्यंत, पुढे न्यू जर्सीच्या एनजे ट्रान्झिट रेल्वेने ताईच्या जवळचं मेट्रोपार्क स्टेशन. वेळखाऊ आहे, पण स्वस्त. लांब पल्ल्याची ॲमट्रॅक रेल्वे थेट नेते, मात्र आयत्या वेळच्या तिकिटात पासने वाचवलेले पैसे जातात.

मेट्रोपार्कच्या गाडीत बसलो असताना पासच्या ब्लॅकआउट तारखा, म्हणजे पास चालत नाही ते दिवस, उघडल्या आणि पोटात गोळा आला. ताईकडे दीड दिवसाचा गणपती. विसर्जन गुरुवारी, म्हणून परतीसाठी मी गुरुवारची रात्र धरली होती. पण पुढच्या सोमवारी लेबर डेची सुट्टी. गुरुवार-शुक्रवार दोन्ही बंद. चूक शंभर टक्के माझी. मी कालनिर्णय पाहून निघालो होतो, अमेरिकेचं कॅलेंडर पाहिलंच नव्हतं.

मग शनिवारवर डोळा ठेवला. शुक्रवारचं काम ताईच्या डायनिंग टेबलावरून केलं. शनिवारच्या थेट विमानात पासची सीट नव्हती, ऑर्लँडोमार्गे होती. चार तासांच्या प्रवासाला अख्खा दिवस लागला, पण घरी पोचलो.

त्या दोन दिवसांत झोप लागली ती एकाच गोष्टीमुळे. मंगळवारी रात्रीच साउथवेस्ट या दुसऱ्या विमान कंपनीचं परतीचं तिकीट साठलेल्या पॉइंट्सवर काढून ठेवलं होतं. पासची सीट हाती आली की ते रद्द करायचं, पॉइंट्स खात्यात परत येतात. पासवर जाणाऱ्याने असा दुसरा दोर बांधूनच निघावं. सोमवारी सकाळी मीटिंग असेल, लहान मूल बरोबर असेल किंवा आईवडिलांना न्यायचं असेल, तर हा पास घेऊच नका. एकट्याचं, लॅपटॉपवर चालणारं काम आणि जिथे उतराल तिथे मुक्काम वाढला तरी तोंड वाकडं न करणारी ताई, एवढं असेल तर घ्या. आणि घेतल्याच दिवशी नूतनीकरणाच्या महिनाभर आधीची आठवण फोनमध्ये लावा. रद्द केला नाही तर पास आपोआप पुढे चालू होतो, तोही त्या वेळच्या भावाने.

परत आल्यावर दोन्ही कॅलेंडरं फ्रिजवर शेजारीशेजारी लावली. ऑक्टोबरातल्या कोलंबस डेच्या सुट्टीच्या आसपासच्या तारखा लाल केल्या. त्या वर्षी दिवाळी त्यानंतर, आठवड्याच्या सुरुवातीला येत होती. इथल्या बहुतेकांसाठी तो साधा सोमवार-मंगळवार, म्हणजे सीट मिळायला हरकत नव्हती. ताईला तसं कळवलं. उत्तर आलं, “चकल्या करून ठेवते. तूप आणू नकोस.”