व्हेगस नर्व्ह आणि लकव्यातला हात: बटण नेमकं कधी दाबायचं

लकवा होऊन वर्ष उलटलं की हाताची सुधारणा बहुतेकदा मंदावते, आणि घरचे म्हणतात, आता एवढंच. अशा जुन्या लकव्यासाठी व्हेगस नर्व्ह स्टिम्युलेशनला, म्हणजे मेंदूपासून पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस नावाच्या नसेला हलका करंट देत हाताचा व्यायाम करण्याला, अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणं तपासणारी सरकारी संस्था) ऑगस्ट २०२१ मध्ये मंजुरी दिली. छातीत कातडीखाली छोटं यंत्र बसवतात आणि त्याची तार मानेतल्या डाव्या व्हेगस नर्व्हला जोडतात. डावीच, कारण उजवीचा हृदयाच्या ठोक्यांवर जास्त परिणाम होतो.

करंट ०.८ मिलिअँपिअर, तोही अर्धाच सेकंद. त्यानं हात हलत नाही. हात पेशंटनेच हलवायचा. करंटमुळे मेंदूत नॉरअ‍ॅड्रेनलिनसारखी रसायनं सुटतात आणि त्या क्षणी चाललेली हालचाल पक्की व्हायला मदत होते. म्हणून सगळा खेळ वेळेचा. पेशंट पेल्याकडे हात नेतोय, बोटं उघडतायत, तेवढ्यात थेरपिस्टने करंटचं बटण दाबायचं. पेला खाली ठेवून झाल्यावर दाबलं तर ती संधी गेली. करंट वाढवूनही भरपाई होत नाही: उंदरांवरच्या प्रयोगांत मध्यम करंटचा फायदा झाला, जास्त करंटचा कमी.

दुसरी नेहमीची गफलत म्हणजे खांदा उचलून, कमरेतून वाकून पेला गाठणं. तेव्हा बटण दाबलं तर चुकीची हालचालच पक्की व्हायची. पाठ खुर्चीला टेकलेली हवी. जमत नसेल तर पेला जवळ आणा, सहज जमत असेल तर लांब न्या किंवा जड करा.

लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २०२१ साली आलेल्या चाचणीत १०८ जण होते, यंत्र सगळ्यांना बसवलेलं, करंट निम्म्यांनाच. सहा आठवडे, आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी तीनशेच्या वर हालचाली. हाताची हालचाल किती जमते ते मोजणाऱ्या फ्युगल-मायर गुणांत करंटवाल्यांची सरासरी वाढ ५, नुसत्या व्यायामवाल्यांची २.४. नुसत्या व्यायामानंही फरक पडतो, हे मला तितकंच महत्त्वाचं वाटतं. ऑपरेशन परवडत नाही म्हणून व्यायाम सोडू नका.

या चाचणीत रक्ताची गुठळी होऊन झालेला लकवाच होता, तोही किमान नऊ महिन्यांपूर्वीचा. मनगट आणि बोटं थोडी तरी हलायला हवी होती, आणि हात फार ताठ असलेल्यांना घेतलं नव्हतं. ऑपरेशननंतर काहींचा आवाज बसतो, खोकला येतो. गिळायला आधीच खूप त्रास असेल तर सर्जनला आधी सांगा. घरी रोज अर्धा तास व्यायाम असतोच. सुरू करताना छातीवरच्या यंत्रावरून चुंबक फिरवायचा, की त्या अर्ध्या तासात ठरावीक अंतरानं करंट येत राहतो. तेवढा वेळ हात रिकामा ठेवायचा नाही.