तुम्ही विचारलंत म्हणून: घुबडाचे पाय खरंच एवढे लांब असतात का?

हो, असतात. कोणीतरी घुबडाची पोटाखालची पिसं वर उचलून धरलीयेत आणि आत लांबच लांब पाय, हा फोटो अधूनमधून व्हॉट्सअॅपवर फिरतो आणि लगेच मला विचारणा सुरू होते, एडिट केलाय ना? नाही हो, पाय तसेच असतात.

बसलेल्या घुबडाची आपल्याला जेमतेम बोटं दिसतात, बाकी सगळं पिसांत. मांडी आणि गुडघा तर अंगालगतच असतात, आणि खाली जो उलटा वळलेला गुडघा वाटतो ना, तो घोटा आहे. सगळ्याच पक्ष्यांचं असंच, ते बोटांवर उभे असतात.

पण मला खरं वेड लावलंय ते गव्हाणी घुबडाच्या पायांनी. रॉजर पेन यांनी (हेच पुढे देवमाशांच्या गाण्यांवरच्या कामामुळे गाजले) पूर्ण अंधारात या घुबडाची शिकार तपासली, 1971 साली ते छापून आलं. घुबड उंदराच्या आवाजावर तोंड रोखून येतं आणि अगदी शेवटच्या क्षणी डोकं मागे घेऊन पाय पुढे टाकतं, म्हणजे जिथे तोंड जात होतं तिथेच नख्या पोचतात, आता पाय आखूड असते तर हे जमलं असतं का सांगा! बाहेरचं बोट मागेही वळतं, त्यामुळे दोन पुढे दोन मागे असा रुंद पंजा पडतो, आणि एकदा धरलं की बोटांतल्या स्नायुबंधांवरचे (म्हणजे स्नायू हाडांना जोडणाऱ्या दोऱ्यांवरचे) उंचवटे त्यांच्या आवरणाच्या वळ्यांत अडकतात, केबल टायसारखे, मग पकड टिकवायला फारसा जोर लावावा लागत नाही.

मासे पकडणाऱ्या तपकिरी घुबडाचे पाय मात्र खाली उघडे असतात, पिसं नाहीत, आणि तळव्याला बारीक टोकदार खवले, निसटता मासा धरायला. उलट बर्फाळ प्रदेशातल्या पांढऱ्या घुबडाला पार नखांपर्यंत पिसं.

आणि प्लीज, जखमी घुबड सापडलं तर पाय बघायला त्याची पिसं उचलू नका. उघड्या हाताने तर धरूच नका, ती पकड तुमच्या बोटावर बसली तर सुटता सुटत नाही. जाड कापड टाकून हवेशीर खोक्यात, अंधारात ठेवा आणि महाराष्ट्रात असाल तर वनविभागाच्या 1926 ला फोन करा.