आमची वाटचाल : छतावरच्या डिशपासून प्रश्नाच्या बटणापर्यंत

केबलवाल्यांसाठी सी-बँडच्या (उपग्रहाच्या लहरींचा एक पट्टा) मोठ्या जाळीच्या डिश लावणे, दिशा जुळवणे, एलएनबी (डिशच्या तोंडाशी बसणारा, सिग्नल पकडून वाढवणारा भाग) बदलणे. आमच्या छोट्या फर्मची सुरुवात इथूनच झाली. त्याच हाताच्या सफाईवर लष्करी प्रशिक्षणाचं काम मिळालं. स्टुडिओतला प्रशिक्षक दूरच्या ठाण्यांवरच्या जवानांना उपग्रहावरून थेट शिकवणार आणि ठाण्यावरची वर्गखोली आम्ही उभी करणार.

उपग्रहावरून शिकवता येतं, हे 1975-76 सालीच सिद्ध झालं होतं. एटीएस-6 उपग्रहाच्या मदतीने भारतातल्या सुमारे 2,400 गावांत ‘साइट’ या उपग्रह-टीव्ही शिक्षणाच्या प्रयोगाचे कार्यक्रम पोहोचले होते. लष्करी वर्गांची घडी बसवली ती अमेरिकेने. तिथल्या लष्कराचं ‘सॅटेलाइट एज्युकेशन नेटवर्क’ व्हर्जिनियातल्या फोर्ट लीमधून चालायचं, तर हवाई दलाचं ‘एअर टेक्नॉलॉजी नेटवर्क’ ओहायोतल्या राइट-पॅटरसन तळावरून. चित्र एकतर्फी, आवाज दुतर्फी, ही त्यांची रीत आम्ही बारकाईने अभ्यासली. प्रशिक्षणासाठी माणसं हलवायची म्हणजे प्रवासखर्च आणि ठाण्यावर तेवढे हात कमी. प्रक्षेपण मात्र दहा वर्गांनी पाहिलं काय किंवा शंभरांनी, ट्रान्सपाँडरचं (उपग्रहावरचं सिग्नल घेऊन परत पाठवणारं यंत्र) भाडं तेच. डिजिटल कॉम्प्रेशन, म्हणजे चित्र-आवाज कमी जागेत बसवण्याचं तंत्र, आल्यावर तर एका ट्रान्सपाँडरवर अनेक वाहिन्या बसू लागल्या आणि आमचंही काम वाढलं.

पण वर्ग जिवंत राहतो तो परतीच्या आवाजावर, असं माझं ठाम मत आहे. जवानाचा प्रश्न फोनलाइनने स्टुडिओत जातो आणि चित्राबरोबर उपग्रहावरून परत येतो. उपग्रह विषुववृत्तावर सुमारे 36,000 किलोमीटर उंच. जाऊन यायला पाव सेकंद लागतो. तेवढ्या उशिराने स्वतःचाच आवाज कानावर आला की बोलणारा अडखळतो. तोच आवाज माइकमध्ये शिरला तर घुमत राहतो. म्हणून प्रत्येक खुर्चीसमोर बटणाचा माइक, आणि बटण दाबताच त्या खोलीतला स्पीकर बंद. रिलेची (विजेवर चालणाऱ्या स्विचची) ही जोडणी आमचा बेंचवरचा कारागीर स्वतः करतो. मला तिचा आजही अभिमान आहे.

दुसरी अडचण तारांची नव्हती. वरिष्ठ शेजारी बसलेले असताना कनिष्ठ प्रश्न विचारायला कचरतात. आम्ही सुचवलं की विचारणाऱ्याने नाव आणि हुद्दा न सांगता फक्त केंद्र आणि खुर्चीचा क्रमांक सांगावा. एका केंद्राने ते लगेच मान्य केलं. मागच्या रांगांतूनही प्रश्न येऊ लागले.

केयू-बँडवर (सी-बँडपेक्षा वरच्या लहरींच्या पट्ट्यावर) मुसळधार पावसात सिग्नल पडतो, त्यासाठी डिशचा आकार ठरवतानाच जादा वाव धरावा लागतो. वर्षातून दोनदा, विषुवदिनांच्या आसपास, सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे येतो आणि काही दिवस रोज काही मिनिटं चित्र जातं. या वेळा आधी काढता येतात. त्यांचा तक्ता आम्ही वेळापत्रक ठरायच्या आत देतो, म्हणजे तिथे चहाची सुट्टी ठेवता येते.

आता बरेचसे पाठ इंटरनेटवर गेले आहेत. आम्हीही रेकॉर्डिंग आणि नेटवर्कची कामं घेतो. जहाजं आणि केबल न पोहोचलेल्या चौक्या यांना मात्र उपग्रहच लागतो. त्यासाठी डिशची जुनी माणसं आम्ही टिकवून ठेवली आहेत आणि नव्या मुलांना त्यांच्याच हाताखाली तयार करतो. खोली ताब्यात देताना आमचा माणूस शेवटच्या रांगेतल्या खुर्चीवर बसतो आणि बटण दाबून एक पूर्ण वाक्य बोलतो. स्टुडिओतून ते शब्दशः परत म्हणून दाखवलं, की मगच कागदावर सही होते.