पांदणीचा वाद, राज्यशास्त्र आणि वकिलीची तयारी

गावाकडच्या ज्या मुलामुलींना पुढे वकील व्हायचे असते, त्यांतली बरीचशी मला एकच प्रश्न विचारतात : बी.ए.ला राज्यशास्त्र घेतले तर एलएल.बी.ला त्याचा खरोखर उपयोग होतो का, की पदवीपुरती तीन वर्षे काढायची? मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झाले आणि सध्या अमरावतीला तीन वर्षांच्या एलएल.बी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणून या प्रश्नाचे उत्तर सविस्तर लिहावेसे वाटले. उपयोग होतो, आणि मोठा होतो. मात्र त्यासाठी हा विषय मूळ कागद समोर ठेवून वाचावा लागतो, आणि पहिले दीड वर्ष मी तो तसा वाचला नव्हता.

आमच्या भागात राज्यशास्त्र हा सोपा विषय समजला जातो. परीक्षेला पंधरा दिवस उरले की बाजारातून गाईड आणायचे, संभाव्य प्रश्नांवर खुणा करायच्या आणि व्याख्या, गुण, दोष, निष्कर्ष या साच्यात उत्तरे पाठ करायची, हा क्रम ठरलेला असतो. फ्रेंच विचारवंत माँटेस्क्यूचा सत्ताविभाजनाचा सिद्धांत मीही असाच पाठ केला होता आणि त्यात मला चांगले गुणही मिळाले होते. कायदे करणारा, ते राबवणारा आणि न्याय देणारा हात एकच असू नये, एवढे एक वाक्य त्यातून माझ्या लक्षात राहिले. ते पुढे आमच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उपयोगी पडले.

मी दुसऱ्या वर्षाला असताना ऐन पेरणीच्या तोंडावर आमच्या शेताकडे जाणारी पांदण, म्हणजे शेतवाट, अडवली गेली. धुऱ्याला लागून असलेल्या शेतकऱ्याने तिच्यावर काटेरी कुंपण घातले, आणि बी-बियाणे व खताच्या थैल्या बाबांना पाऊण किलोमीटर डोक्यावरून न्याव्या लागल्या. गावातल्या जाणत्या माणसांनी बैठक घेतली, कापूस निघाल्यावर बघू असे ठरले, आणि बाबा थांबले. कापूस निघाल्यावरही काही झाले नाही, तेव्हा त्यांनी जानेवारीत तहसीलदारांकडे दावा दाखल केला. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली वहिवाटीच्या रस्त्यातला अडथळा काढून देण्याचा अधिकार तहसीलदाराला आहे. पण असा दावा अडथळा निर्माण झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. जूनचा अडथळा जानेवारीत मुदतबाह्य ठरला. बाबा त्या दिवशी घरी येऊन एवढेच म्हणाले, "बापू, कायदा आपल्यासाठी नाही." आमच्याकडे लेकीलाही लाडाने बापू म्हणतात, आणि एरवी ते मला गोड वाटते, त्या दिवशी मात्र ऐकवले नाही.

मी तो अधिनियम शोधून वाचायला बसले. पहिला प्रश्न मनात आला तो वर्गातलाच होता : तहसीलदार तर महसूल गोळा करणारा, सरकारचे आदेश राबवणारा अधिकारी, मग तो न्यायनिवाडा कसा करतो? संविधानाच्या अनुच्छेद ५० मध्ये न्यायसंस्था कार्यकारी यंत्रणेपासून वेगळी करण्यासाठी राज्याने पावले उचलावीत असे सांगितले आहे, आणि तरीही गावातला शेतरस्त्याचा वाद पहिल्यांदा कार्यकारी अधिकाऱ्यापुढेच जातो. त्याचे कारण हळूहळू समजले. मालकी कोणाची, हा प्रश्न या कायद्याने दिवाणी न्यायालयासाठी ठेवला आहे. तहसीलदाराने फक्त वहिवाट होती का आणि ती अलीकडे अडवली गेली का एवढेच पाहायचे आणि हंगाम वाया जाण्यापूर्वी रस्ता मोकळा करायचा. सहा महिन्यांची अट त्याच हेतूतून आलेली आहे. कायद्याचा हेतू कळल्यावर तो आमच्या विरुद्ध गेला याचे दुःख कमी झाले नाही, परंतु तो आमच्या विरुद्ध रचलेला नव्हता हे मला बाबांना सांगता आले.

दुसरी गोष्ट त्याहून मनाला भिडली. हा कायदा १९०६ साली मुंबई इलाख्यासाठी झाला, आणि तेव्हा वऱ्हाड, म्हणजे आमचा भाग, त्या इलाख्यात नव्हतेच. राज्यशास्त्राच्या पुस्तकात राज्य पुनर्रचना, १९५३ चा नागपूर करार, १९५६ साली विदर्भाचा द्विभाषिक मुंबई राज्यातला समावेश आणि १९६० चा महाराष्ट्र हे सगळे एका प्रकरणात येते आणि आम्ही ते सनावळीसारखे पाठ करतो. पण प्रत्येक सीमा सरकली तेव्हा शेतकऱ्याच्या सातबाऱ्यामागचा कायदाही बदलत होता, आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ येईपर्यंत विदर्भाची जमीन वेगळ्या महसूल कायद्याखाली होती, हे कोणी सांगितले नव्हते. एलएल.बी.ला जमीनविषयक कायदे शिकताना हा धागा मला आधीच हाती लागलेला होता, याचे श्रेय मी निःसंशय राज्यशास्त्राला देते.

विचारवंतांच्या पेपराबद्दलही हेच म्हणावे लागेल. जॉन लॉकचे म्हणणे आहे की माणूस जमिनीत आपले श्रम मिसळतो आणि त्यातून मालकीचा हक्क निर्माण होतो. हे वाक्य वर्गात कोरडे वाटते. वनहक्क कायदा, २००६ वाचताना ते जिवंत होते, कारण तिथे १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासीचा हक्क मान्य केलेला आहे; इतर पारंपरिक वननिवाशांना मात्र तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. श्रम दोघांचेही, मग पुराव्याची अट वेगळी का? याचे उत्तर लॉकच्या पुस्तकात मिळत नाही. या कायद्याच्या उद्देशिकेत ऐतिहासिक अन्यायाची कबुली आहे, पण ती आदिवासी आणि इतर पारंपरिक वननिवासी या दोघांबद्दलही आहे, म्हणून अटीतला फरक तीही उलगडत नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्या गावाची घोषणा मी सार्वभौमत्वावरच्या उत्तरात उद्धृत केली होती आणि परीक्षकांनी तिच्याखाली रेघ मारली होती. ती रेघ नापसंतीची होती की कौतुकाची, हे मला अजून ठाऊक नाही, पण मी आजही ते उत्तर तसेच लिहीन.

निकालपत्रे वाचण्याची सवय पदवीच्या काळातच लावून घ्यावी, आणि पहिले निकालपत्र छोटे निवडावे. संविधानाची मूलभूत चौकट बदलता येत नाही असे सांगणाऱ्या केशवानंद भारती खटल्याचा निकाल १३ न्यायमूर्तींनी सात विरुद्ध सहा अशा बहुमताने दिला, एवढे सामान्यज्ञान म्हणून ठीक आहे. पण त्याची शेकडो पाने पहिल्याच दिवशी उघडली तर विद्यार्थी घाबरतो. मी सुरुवात चिंतामणराव विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या १९५० च्या निकालाने केली. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या विधिमंडळाने १९४८ साली एक कायदा केला होता. शेतीच्या हंगामात मजूर मिळावेत म्हणून ठरावीक गावांत विड्या वळण्यावर पूर्ण बंदी घालण्याचा अधिकार त्याने जिल्हाधिकाऱ्याच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला दिला होता. सागर जिल्ह्यातून हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाने ती बंदी अनुच्छेद १९ मधील व्यवसायस्वातंत्र्यावरचा अवाजवी निर्बंध म्हणून रद्द ठरवली. निकालात न्यायमूर्ती मेहेरचंद महाजन यांनी एक साधा मुद्दा मांडला आहे : ज्यांना शेतात काम करता येत नाही अशा म्हाताऱ्या बायका, मुले आणि अपंग माणसे यांचीही रोजी या बंदीने जाते. माझी आजी तेंदूपत्ता तोडायला जात असे आणि गुडघे गेल्यावर ओसरीवर बसून कामे करीत असे. 'वाजवी निर्बंध' ही संकल्पना मला कोणत्याही व्याख्येपेक्षा त्या एका परिच्छेदाने जास्त शिकवली.

न्यायालयाचा निकाल हा शेवटचा शब्द असतो, असेही समजू नये. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप झाला आणि पुढे त्याचा खटला चालला. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी धरले, आणि सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष सोडले. त्यावर १९७९ साली उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर स्त्रियांची आंदोलने झाली आणि १९८३ साली संसदेने फौजदारी कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात 'माझी संमती नव्हती' असे स्त्रीने सांगितले तर न्यायालयाने तसे गृहीत धरावे, ही तरतूद तेव्हा आली. दबावगट, लोकमत, कायदेमंडळ हे शब्द राज्यशास्त्रात स्वतंत्र प्रकरणांत विखुरलेले असतात. ते कायद्यात एकमेकांना कसे भिडतात हे पाहायचे असेल तर आपल्याच विदर्भातल्या या प्रकरणाचा क्रम तारखांसह लिहून काढावा. मी तो लिहून काढला, तेव्हा दोन दिवस दुसरे काही वाचवले नाही.

आता प्रवेशाविषयी थोडक्यात. बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम घेतला तर एक वर्ष वाचते, आणि राष्ट्रीय विधी विद्यापीठात जायचे असेल तर बहुतेक ठिकाणी तोच मार्ग आहे, त्यासाठी बहुतेक विद्यापीठांना क्लॅट ही सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. पण बारावीच्या वयात आमच्याकडे या परीक्षेचे नावही अनेकांनी ऐकलेले नसते, आणि घराजवळ राहून कमी खर्चात पदवी घेऊन मग तीन वर्षांच्या एलएल.बी.ला जाणे हा कमीपणाचा मार्ग नाही. पदवीला खुल्या प्रवर्गासाठी ४५ टक्के गुण लागतात. आरक्षित प्रवर्गांना सवलत आहे. राज्याच्या विधी सीईटीत कायदेविषयक कल, सामान्यज्ञान, तर्क आणि इंग्रजी असे भाग असतात, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. पहिल्या दोन भागांत राज्यशास्त्राचा विद्यार्थी पुढे असतो. तर्काच्या भागात आपली पदवी काही मदत करीत नाही, त्याचा सराव वेगळा करावा लागतो. इंग्रजीचा वाटा एक-तृतीयांश आहे, आणि मराठी माध्यमातली मुले तिथेच मागे पडतात. मी रोज संविधानाची मराठी-इंग्रजी द्विभाषी प्रत उघडून एक अनुच्छेद दोन्ही भाषांत शेजारी शेजारी वाचत असे; त्यामुळे शब्दसंग्रह वाढला आणि संविधानही वाचून झाले. जातवैधता आणि नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्राची कामे मात्र पदवीच्या शेवटच्या वर्षीच मार्गी लावावीत, कारण प्रवेशाच्या फेऱ्या कोणासाठी थांबत नाहीत.

याशिवाय दोन ठिकाणी नियमाने जाऊन बसावे. एक ग्रामसभा, आणि दुसरे तालुक्याचे न्यायालय, जिथे मागच्या बाकावर बसून ऐकायला कोणाची परवानगी लागत नाही. पुकारा कसा होतो, रोजनाम्यात काय लिहिले जाते, साक्षीदाराला उलटतपासणीत एकाच घटनेबद्दल तीन वेगळ्या रीतींनी का विचारतात, हे मला तिथे समजले.

पांदणीचे पुढे असे झाले. मुदत गेली म्हणून सगळे दरवाजे बंद झाले नव्हते. जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली शेताच्या बांधावरून नवा रस्ता मागता येतो. मागच्या उन्हाळ्यात मी बाबांसाठी तो अर्ज लिहिला. माझा पहिला मसुदा पावणेदोन पानांचा होता आणि त्यात अन्याय, समता, शेतकऱ्याची परवड हे सगळे होते. आमच्या तालुक्यातल्या ज्या वकिलांकडे मी सुट्टीत बसते, त्यांनी तो शांतपणे वाचला आणि विचारले, "गट क्रमांक कुठे आहे? चतुःसीमा? रस्ता कोणत्या दिशेच्या बांधावरून आणि किती फूट रुंद हवा?" आम्ही दोघांनी मिळून तो पुन्हा लिहिला. अकरा ओळी झाल्या, सोबत नकाशा आणि सातबारा जोडला. स्थळपाहणी झाली आहे, पंचनाम्यावर बाबांची सही आहे, आणि पुढची तारीख सोयाबीनच्या सोंगणीच्या आठवड्यात पडली आहे. त्या दिवशी बाबांबरोबर मीही तहसीलमध्ये जाणार आहे.