लँडस्केप आर्च, आणि पडलेली वॉल आर्च

अमेरिकेत युटा राज्यातलं आर्चेस नॅशनल पार्क बघतोय, निसर्गानेच घडवलेल्या दगडी कमानींचं. काल डेलिकेट आर्च झाली, तीच ती युटाच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर असते ती कमान, उघड्या कातळावरून चढत गेलो आणि वर पोचल्यावर सगळेच गप्प झालो, सुंदरच आहे, वादच नाही. पण माझा जीव अडकला तो आज बघितलेल्या लँडस्केप आर्चमध्ये.

जवळच्या मोआब गावाहून पहाटेच निघालो कारण उशीर केला की डेव्हिल्स गार्डनला, म्हणजे जिथून हिची वाट सुरू होते तिथे, पार्किंग मिळत नाही आणि आईला ऊन सोसत नाही. जाऊन-येऊन जेमतेम तीन किलोमीटर, वाट सोपी. ३०६ फूट लांब आहे ही कमान, उत्तर अमेरिकेतली सगळ्यात लांब, आणि मध्ये एवढी बारीक झालीये की खालून बघताना आपणच श्वास रोखून धरतो. खालून म्हणजे लांबूनच, कारण १९९१ च्या सप्टेंबरात हिचा ६० फुटी कपचा निखळून खाली आला, खाली बसलेली माणसं दगडाचा कडकड आवाज ऐकून आधीच पळाली म्हणून वाचली, नंतर मग कमानीखालची वाट बंदच केली. रतनगडाच्या नेढ्यात, म्हणजे कातळातल्या त्या आरपार भोकात, वारा खात तासभर बसणारी मी, मला इथे कुंपणाशी थांबणं जड गेलं.

आई म्हणाली वाऱ्याने झालं असणार हे. मलाही आधी तसंच वाटायचं, पण खरं काम पाण्याचं. खाली कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या आटलेल्या समुद्राचं मीठ आहे, ते वरच्या दगडाच्या भाराने सरकलं, फुगलं, वरचा वालुकाश्म समांतर भेगांनी चिरला आणि त्या भेगांतून पाणी शिरत शिरत उभ्या पातळ भिंती उरल्या. वाळूचे कण धरून ठेवणारा चुना पाणी विरघळवतं, थंडीत भेगेतल्या पाण्याचा बर्फ होतो आणि दगड फुटतो. वाटेकडेच्या खडकावर नुसता अंगठा घासला तरी लाल वाळू हाताला लागली! आणि पाऊस किती, तर वर्षाला ८-१० इंच, आपल्या घाटात एका दिवसात पडतो तेवढा.

हे म्हणत होते की एवढं माहितीये तर काहीतरी आधार द्यायला हवा ना. तसा विचार झालाय म्हणे, १९५० च्या दशकात डेलिकेट आर्चला पारदर्शक प्लास्टिकचा लेप देता येईल का ते पार्कवाल्यांनी तपासलं होतं आणि मग सोडून दिलं. मला तेच पटतं. ज्या पाण्याने कमान घडवली तेच तिला पाडणार, मध्ये आपण कोण? लेप दिला असता तर मी प्लास्टिक बघायला एवढ्या लांब आले असते का?

आई सावलीत बसली आणि आम्ही दोघं थोडं पुढे गेलो, वॉल आर्च होती तिथे. ७१ फुटांची होती, २००८ च्या ऑगस्टमध्ये एका रात्री कोसळली, कुणाला लागलं नाही. आता नुसते दगड पडलेत. लोक न थांबता पुढे जात होते, मी मात्र बराच वेळ उभी राहिले, उरलेल्या दोन टोकांवरून कमान कुठून कुठे गेली असेल ते डोळ्यांनी जुळवत. आईला फोटो दाखवला तर म्हणाली, मलाही ने तिथे. उद्या पुन्हा जातोय.