वाघाच्या वर्षी जन्मलेली मुलगी

१९९२च्या सप्टेंबरपासून पुढच्या मे महिन्यातील निवडणुकीपर्यंत मी कंबोडियाच्या बट्टमबांग प्रांतातील एका जिल्ह्यात संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक म्हणून निवडणूक पर्यवेक्षकाचे काम केले. त्याआधी महसूल खात्यात असताना मतदारयाद्यांच्या कामात माझी काही वर्षे गेली होती, आणि यादी कशी करतात हे आपल्याला कळते, अशी माझी पक्की समजूत होती. ती समजूत ज्या दिवशी डळमळली, त्या १९९३च्या जानेवारीतील दिवसाची ही हकिकत आहे.

या देशात एकमेकांशी वर्षानुवर्षे लढलेल्या चार गटांनी ऑक्टोबर १९९१ मध्ये पॅरिसला करारावर सह्या केल्या होत्या, आणि देशाचे सरकार कोणाचे हे ठरवण्यासाठी आधी मतदार कोण हे ठरवणे भाग होते. वापरता येईल अशी जुनी यादी नव्हती. ऑक्टोबर १९९२ मध्ये नोंदणी सुरू झाली, ती ३१ डिसेंबरला संपायची होती, पण पुढे ३१ जानेवारीपर्यंत वाढवण्यात आली. त्यांपैकी एक गट ख्मेर रूज, म्हणजे १९७५ ते १९७९ देशावर राज्य केलेले पोल पोटचे कम्युनिस्ट; त्यांच्या ताब्यातील भागात आम्हाला पाऊलही टाकता येत नव्हते. बाकीच्या भागात रस्त्यांच्या कडेला सुरुंग होते, आणि थायलंडच्या सीमेवरील छावण्यांमधून साडेतीन लाखांहून अधिक माणसे परत येण्याचे काम त्याच काळात चालू होते. बट्टमबांगमध्ये अशी परतलेली कुटुंबे पुष्कळ होती.

केंद्र बहुतेक गावांत वटमध्ये, म्हणजे बौद्ध विहारात असे. तयारीचा माझा बराचसा वेळ बारीकसारीक गोष्टींतच गेला. सुरुंगाने पाय गेलेली माणसे इतकी होती, की पायऱ्या असलेल्या सभागृहाऐवजी टेबल अंगणात झाडाखाली मांडायचे, हे पहिल्या आठवड्यातच ठरले. कापणीचे दिवस असल्याने शेतावरची माणसे दुपारी येणे शक्य नव्हते, म्हणून पथक पहाटे बसू लागले. अर्जावर सही किंवा अंगठा घेत असू. ज्याला दोन्ही हात नाहीत त्याच्याबाबत काय लिहायचे, हे कोणत्याही सूचनेत नव्हते, आणि तीन अर्जांवर मी साक्षीदारांसमोर स्वतःच्या हाताने शेरा लिहिला. ओळखपत्र जागेवरच तयार होत असे: तात्काळ छायाचित्र देणारा कॅमेरा, कात्री आणि वर चढवायचे प्लास्टिक.

सर्वांत अवघड गोष्ट मात्र कोरा अर्ज हीच होती. नाव, आईवडील, जन्मस्थान, पूर्वी कोठे राहत होता, असे विचारायला लागलो की वयस्क माणसे गप्प होत. पोल पोटच्या राजवटीत प्रत्येकाकडून जीवनवृत्तान्त लिहून घेतला जाई, त्यावरून जुने सैनिक, शिक्षक, सरकारी नोकर हुडकून काढले जात, आणि ती माणसे परत येत नसत. नाव लिहून घेणारा माणूस टेबलामागे बसलेला दिसला की काय आठवते, हे माझ्या दुभाष्याने मला पहिल्याच दिवशी सांगितले होते. तो तिशीतील शिक्षक होता, मला ‘बाँग’ म्हणजे दादा म्हणत असे, आणि त्याच्या स्वतःच्या वडिलांचे काय झाले हे त्याने कधी सांगितले नाही.

जन्मतारीख विचारणे तर निरर्थकच होते. गावाकडच्या माणसाला आपले वर्ष प्राण्याच्या नावाने माहीत असते: उंदीर, बैल, वाघ, ससा असे बारा वर्षांचे चक्र. म्हणून मी प्रशिक्षणाच्या वेळी एक तक्ता केला होता. डाव्या बाजूला प्राणी, उजव्या बाजूला इसवी सन. बैल १९७३, वाघ १९७४, ससा १९७५. मतदाराचे वय १८ वर्षे पूर्ण हवे असल्याने वाघ आणि ससा यांच्यामध्ये मी लाल रेघ मारली होती: वाघ आत, ससा बाहेर. सशाच्या ओळीपुढे नोंदणी करणाऱ्यांच्या सोयीसाठी ‘फ्नोम पेन्ह पडले ते वर्ष’ असेही लिहिले होते, कारण ही राजधानी १९७५च्या एप्रिलमध्ये ख्मेर रूजच्या हाती गेली. तो तक्ता मला फार नेटका वाटत असे, आणि मी त्याच्या प्रती शेजारच्या दोन जिल्ह्यांनाही दिल्या होत्या.

त्या दिवशी एक म्हातारी आणि तिच्यामागे एक तरुण मुलगी अशा दोघी पहाटेच्या रांगेत होत्या. मुलीला आमच्याच पथकाने डिसेंबरमध्ये परत पाठवले होते. जुन्या वहीत नोंद होती: जन्म १९७५, वय अपुरे. जन्म कधीचा, या प्रश्नावर तिने ‘पोल पोट आला तेव्हाचा’ असे उत्तर दिले होते, नोंदणी करणाऱ्याने माझ्या तक्त्यावर बोट ठेवले होते, आणि ती काही न बोलता निघून गेली होती. आयुष्य छावण्यांत काढलेल्या मुलीला टेबलामागच्या माणसाशी वाद घालता येतो, हे ठाऊक असण्याचे कारणही नव्हते.

म्हातारीला सगळे ‘येय’ म्हणजे आजी म्हणत होते. ती टेबलासमोर मांडी घालून बसली आणि दुभाष्याकडे बघत सांगू लागली. मुलीची आई याच गावची. तिची नाळ येयने स्वतः कापलेली. १९७०नंतर लढाई पेटली तेव्हा खेड्यापाड्यांतून लोक फ्नोम पेन्हकडे पळाले, त्यांत ही सारी होती. मुलगी तिथेच जन्मली. १७ एप्रिल १९७५ला शहर रिकामे करायला लावले, तेव्हा ती आईच्या अंगावर पीत होती आणि बसायला शिकली होती. पुढे आई गेली, वडील त्याआधीच गेले होते, आणि १९७९मध्ये येयने तिला पाठीवर घेऊन सीमा गाठली. शेवटची वर्षे दोघींनी साइट टू नावाच्या छावणीत काढली.

‘बसायला शिकली होती’ हे ऐकूनच मी थांबायला हवे होते. एप्रिलमध्ये बसणारे मूल त्याच वर्षीच्या जानेवारीनंतर जन्मलेले असणे कठीण. पण माझे लक्ष गावच्या प्रमुखाकडे होते. कागद नसेल तिथे शपथेवर दिलेल्या साक्षीवर नोंदणी करता येत असे, आणि बहुतेक वेळा साक्षीला तोच उभा राहत असे. तो फ्नोम पेन्हमधील सत्ताधारी पक्षाचा माणूस होता. गावातील ज्याला त्याला तो डोळे मिटून ओळखत असे, पण छावणीतून आलेल्यांची ओळख त्याला एकाएकी लागेनाशी होई, कारण ते विरोधी पक्षांना मत देणार असे त्याने धरून ठेवले होते. त्या दिवशीही त्याने मान हलवली: मुलीला मी ओळखत नाही. बाकावर बसलेल्या विरोधी पक्षाच्या प्रतिनिधीने लगेच आवाज चढवला. आदल्याच तासाला याच प्रतिनिधीने एका नावाड्याच्या कुटुंबावर, ते व्हिएतनामी दिसतात एवढ्याच कारणाने हरकत घेतली होती. दोघांनाही यादी स्वच्छ हवी होती, ती एवढ्याच अर्थाने.

मी विचारले, महिना कोणता? येय म्हणाली, वर्ष वाघाचे, छ्नाम खाल, आणि महिना ‘कादक’. दुभाष्या तो शब्द इंग्रजीत कसा सांगावा याच्या विचारात पडला, पण तोवर माझ्या कानात तो शिरला होता. मी त्याला सगळे महिने क्रमाने म्हणायला सांगितले. तो म्हणत गेला, मी ऐकत गेलो: मिकसिर, बोस, मिएक, फाल्कुन, चेत. मार्गशीर्ष, पौष, माघ, फाल्गुन, चैत्र. चार महिने मी या माणसांमध्ये राहत होतो आणि त्यांचे महिने माझ्या आजीच्या तोंडचेच आहेत, हे मला विचारावेसेही वाटले नव्हते.

मग नवे वर्ष कधी लागते, हा प्रश्न आपोआप आला. एप्रिलच्या मध्याला, दुभाष्या म्हणाला, आणि प्राणीही तेव्हाच बदलतो. आपल्याकडे शक पाडव्याला बदलतो हे मला पाठ असताना, मी या लोकांचे वर्ष मात्र १ जानेवारीला बदलून टाकले होते. वाघाचे वर्ष एप्रिल १९७४ ते एप्रिल १९७५ असे होते. फ्नोम पेन्ह पडले ते नव्या वर्षाच्या सणानंतर लगेच, म्हणजे सशाला लागून दोनचार दिवसच झाले होते. मुलगी कार्तिकातली, होड्यांच्या शर्यती व्हायच्या होत्या तेव्हाची, असे येय सांगत होती. म्हणजे नोव्हेंबर १९७४. डिसेंबरमध्ये आम्ही तिला परत पाठवले, तेव्हा तिला अठरा पूर्ण होऊन काही आठवडे झालेले होते.

ते सुचल्याबरोबर तक्त्याची दुसरी बाजूही दिसली, आणि ती मला अधिक टोचली. वाघाच्या वर्षी पण माघात, फाल्गुनात किंवा चैत्रात जन्मलेली मुले १९७५ची. त्यांना ३१ जानेवारी १९९३पर्यंत अठरा पूर्ण होत नव्हती, आणि माझ्या लाल रेघेने ती सरसकट आत घेतली होती. ती किती होती, हे अर्जांवर महिना लिहिलेला नसल्याने शोधता येण्यासारखे नव्हते. मी संध्याकाळी प्रांताच्या कार्यालयाला तसे लेखी कळवले. ज्यांना कार्ड मिळाले त्यांच्या घरी जाऊन ते काढून घ्यावे, असे मला वाटले नाही, आणि अजूनही वाटत नाही. कार्डे गोळा करणारी, त्यांचे क्रमांक टिपून घेणारी माणसे त्या दिवसांत गावोगाव फिरत होतीच, त्यांत आमची भर नको होती.

राहिला साक्षीचा प्रश्न. प्रमुखाशिवाय कोणाची साक्ष घ्यायची नाही असा नियम नव्हता, तो आमच्या सोयीचा पायंडा होता. विहाराचे मुख्य भिक्खू आणि शेजारची एक विधवा या दोघांनी मुलीच्या आईला ओळखत असल्याचे शपथेवर सांगितले. जन्म कंबोडियात, आणि आईवडिलांपैकी एकाचा जन्मही कंबोडियात, ही कायद्याची अट त्याने पूर्ण होत होती. प्रमुखाची हरकत मी लिहून घेतली, निर्णय खाली लिहिला आणि दोन्ही पक्षांना वाचून दाखवला.

त्याच दुपारी मला एका माणसाला नाकारावे लागले, हेही लिहिले पाहिजे. तो ख्मेर बोलत होता, पंधरा वर्षे या प्रांतात शेती करत होता, पण तो आणि त्याचे आईवडील मेकाँगच्या मुखाकडच्या, आता व्हिएतनामात असलेल्या मुलखात जन्मले होते. व्हिएतनामी वस्तीला वगळण्यासाठी आवळलेल्या त्या अटीत हे ख्मेर लोकही अडकले. त्याच्या बाबतीत कार्तिक, माघ काही कामाचे नव्हते. त्याने मला तीन वेळा नमस्कार केला, जणू चूक त्याचीच होती.

रात्री दुभाष्याने आणि मी नवा तक्ता केला. त्यात प्रश्न सन विचारून सुरू होत नव्हता. प्राणी कोणता, महिना कोणता, शेतात तेव्हा लावणी होती की कापणी, आणि फ्नोम पेन्ह पडले तेव्हा मूल रांगत होते की पोटात होते, असे चार प्रश्न होते, आणि उत्तर जुळेपर्यंत अर्जावर पेन टेकवायचे नाही, असे वर ठळक लिहिले होते. उरलेल्या दिवसांत आम्ही डिसेंबरची ‘वय अपुरे’ असा शेरा असलेली नावे काढून त्या घरांना निरोप पाठवले. काही आले, काही पुन्हा रोजगाराच्या शोधात निघून गेले होते.

मुलीचे छायाचित्र काढले तेव्हा ती हसली नाही. कॅमेऱ्यासमोर हसायचे नसते, असे तिला कोणीतरी सांगितलेले दिसले. गरम प्लास्टिकमधून निघालेले कार्ड तिने येयच्या हातात दिले. येयने ते उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, हा लिहिलेला कागद इथेच राहणार, की कोठे जाणार? खोटे सांगणे शक्य नव्हते. अर्ज फ्नोम पेन्हला जातो आणि तिथे नाव संगणकात चढते, असे मी सांगितले. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग कार्ड लुगड्याच्या घडीत खोचून तिने मुलीला काही सांगितले, आणि दुभाष्याने ते मला सांगण्याआधी क्षणभर विचार केला. ती म्हणाली होती, घरी गेल्यावर हे तांदळाच्या डब्यात तळाशी ठेव, आणि कोणी विचारले तर आपल्याकडे असे काही नाही म्हणून सांग.